अरबी समुद्राच्या गाळातला नायट्रोजन: हा आलेख नेमका काय सांगतो?

दगडू_जिओ

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. जिऑलॉजी, दुसरं वर्ष, कोल्हापूर. सेमिनारला 'अरबी समुद्र आणि नायट्रोजन चक्र' हा विषय घेतला आणि आता घाम फुटलाय.

समोर एक आलेख आहे. ओमानच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळातून काढलेला कोअर, म्हणजे गाळाचा लांब उभा दांडा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर डेल्टा १५ एन. हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, म्हणजे साधारण २० हजार वर्षांपूर्वी, रेषा ५-६ च्या आसपास आहे. नंतर ती चढत जाते आणि गेल्या १० हजार वर्षांत ७-८ च्या घरात जाते. खाली लिहिलंय, 'डीनायट्रिफिकेशन वाढले'.

आता डीनायट्रिफिकेशन म्हणजे समुद्रातल्या नायट्रेटचा वायू होऊन तो उडून जाणं, एवढं मला कळतं. नायट्रोजन कमी होतोय तर आकडा वाढतो कसा? सरांना विचारलं, तर म्हणाले, "तो ऑक्सिजनचा आलेख आहे, नीट वाच." ऑक्सिजन तर कुणी मोजलेलाच दिसत नाही! मॅडमचा प्रश्न हमखास येणार. कुणी साध्या मराठीत सांगेल का?

अगेटचा_खल

दगडू, अडलायस ती जागा बरोबर आहे. नायट्रोजन किती आहे, हे त्या आलेखात नाहीच. उरलेला नायट्रोजन कसा आहे, ते आहे.

मी काही वर्षं आयसोटोपच्या प्रयोगशाळेत नमुने तयार करायचं काम केलंय. आता शाळेत शिकवते, पण गाळ म्हटलं की राहवत नाही, तेव्हा उत्तर लांबणार.

नायट्रोजनचे दोन स्थिर आयसोटोप, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत: १४ आणि १५. हवेतल्या १० लाख अणूंत जड, म्हणजे १५ वाले, सुमारे ३,६६० असतात. हवेचं हे गुणोत्तर शून्य धरायचं आणि नमुना त्यापेक्षा हजारी किती जड आहे ते सांगायचं, हा झाला तुझा डेल्टा. तुझ्या आलेखातला ८ म्हणजे १० लाखांत जेमतेम ३० जड अणू जास्त. अख्खा सेमिनार या तिसावर उभा आहे, म्हणून यंत्रं महाग आणि ती चालवणारे चिडके.

आता जिवाणू. पाण्यातला ऑक्सिजन संपत आला की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हे करताना हलका नायट्रोजन त्यांना सोपा पडतो. भेळेतले शेंगदाणे आधी वेचून खाल्ले की उरलेल्या भेळेत कुरमुरेच जास्त दिसतात, तसं. नायट्रेट घटतं आणि जे उरतं ते जड होतं. ही निवड चांगली कडक आहे. मोकळ्या पाण्यात दोन्हींच्या वेगात हजारी २० ते ३० चा फरक पडतो. जगाच्या खोल समुद्रातलं नायट्रेट सरासरी ५ च्या आसपास आहे, तर अरबी समुद्राच्या ऑक्सिजन नसलेल्या थरात ते १५ च्याही वर जातं.

तो थर साधारण १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत आहे. पाण्याच्या थरातच डीनायट्रिफिकेशन होणाऱ्या मोठ्या जागा जगात तीनच: मेक्सिकोसमोरचा पॅसिफिक, पेरू-चिलीसमोरचा पॅसिफिक आणि आपला अरबी समुद्र.

मग हे तळाशी कसं उतरतं? पावसाळ्यात नैऋत्येचा वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं पाणी वर आणतो. त्याच्याबरोबर ते जड झालेलं नायट्रेट उजेडात येतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, ते खातात, आणि वर्षभराचा हिशेब धरला तर जवळजवळ सगळं संपवतात. हे 'सगळं' महत्त्वाचं. अर्धवट खाल्लं असतं तर प्लवकांनीही हलकं आधी उचललं असतं आणि हिशेब बिघडला असता. सगळं संपलं की प्लवकाचा डेल्टा आणि वर आलेल्या नायट्रेटचा डेल्टा एकच. प्लवक मरतात, त्यांना खाणाऱ्यांची विष्ठा गोळ्यागोळ्यांनी खाली पडते, आणि वर्षानुवर्षं ती तळाच्या गाळात साठत जाते.

तर तुझे सर चुकीचं बोलले नाहीत, मधल्या चार पायऱ्या गाळल्या एवढंच. ऑक्सिजन कमी, म्हणून डीनायट्रिफिकेशन जास्त, म्हणून उरलेलं नायट्रेट जड, म्हणून प्लवक जड, म्हणून गाळ जड.

ओमानसमोरचे कोअर वापरून हे १९९५ साली 'नेचर'मध्ये मार्क आल्टाबेट आणि सहकाऱ्यांनी मांडलं. त्याच वर्षी राजा गणेशराम आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून तसंच दाखवलं: हिमयुगात तिथलंही डीनायट्रिफिकेशन मंदावलेलं. दोन महासागरांच्या दोन कोपऱ्यांत एकच गोष्ट दिसल्यावर लोक सावरून बसले.

शंकासुर

खलताई, छान लिहिलंय, पण माझं नाव सार्थ करतो.

गाळ सडतो. सडवणारेही जिवाणूच. तेसुद्धा हलका नायट्रोजन आधी खाणार. मग गाळ नुसता पडून राहूनही जड होईल! २० हजार वर्षांपूर्वीच्या ऑक्सिजनबद्दल बोलताय की २० हजार वर्षांच्या सडण्याबद्दल, हे कसं ठरवता?

दुसरं, नद्यांचा गाळ. सिंधू आहे, नर्मदा-तापी आहेत. जमिनीवरच्या पालापाचोळ्याचा नायट्रोजन त्यात मिसळला तर?

एसटीपीवाला

अवांतर होईल कदाचित. मी सांडपाणी प्रक्रियेत काम करतो. आमच्याकडे हेच काम मुद्दाम करवून घेतात: अ‍ॅनॉक्सिक टाकीत हवा बंद, मिक्सर चालू, आणि जिवाणू नायट्रेट फस्त करतात. हवेचा ब्लोअर चुकून चालू राहिला की नायट्रेट जसंच्या तसं बाहेर येतं आणि लॅबवाल्यांचा फोन येतो. त्यामुळे 'ऑक्सिजन आला की डीनायट्रिफिकेशन थांबतं' हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही, रोज बघतो.

प्रश्न असा: अ‍ॅनामॉक्सचं काय? अमोनिया आणि नायट्राइट जोडून थेट नायट्रोजन वायू. हे जिवाणू १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सांडपाण्यातच सापडले, नंतर समुद्रातही भेटले. गाळातला तुमचा डेल्टा या दोघांत फरक करू शकतो का?

अगेटचा_खल

शंकासुर, ही शंका हवीच होती.

सडण्याने डेल्टा बदलतो, हे खरं. खोल समुद्रात, जिथे हजार वर्षांत दोन-चार सेंटीमीटरच गाळ पडतो आणि तळाशी ऑक्सिजन भरपूर असतो, तिथे गाळाचा आकडा वरून पडणाऱ्या कणांपेक्षा हजारी ३-४ ने जड झालेला आढळतो. म्हणजे दगडूच्या आलेखातला सगळा चढ सडण्यातच मावेल एवढा. पण किनारउतारावर गाळ भराभर पडतो, तळाशी ऑक्सिजन नसल्यात जमा असतो, आणि गाळ सडायच्या आत पुरला जातो. तिथे हा फरक बराच कमी राहतो. शिवाय उतारावरचा आलेख नुसता एका दिशेने सरकत नाही, तो मागेपुढे होतो. सडणं असं शतकाशतकाला मत बदलत नाही.

माझं मत विचाराल तर एकट्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. आकार बघते. एकाच कोअरमध्ये वरखाली किती आणि कुठे झालं, शेजारच्या कोअरमध्ये त्याच वेळी तसंच झालं का, तेवढं बघते. '७.२' ऐकून मला काही होत नाही.

नद्यांचं: कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर बघतात. समुद्री प्लवकांचं ६ ते ८ च्या घरात, जमिनीवरच्या झाडोऱ्याचं बरंच जास्त. कार्बनचा आयसोटोपही मदतीला असतो. सिंधूच्या मुखाजवळ काळजी घ्यावी लागते, ओमानसमोर फारशी नाही. तिथे नदीच कुठली?

सडण्यावरचा खरा उपाय मात्र वेगळाच निघाला. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात, वाळूच्या कणाएवढं चुन्याचं कवच करणारे. कवच बांधताना त्याच्या भिंतीत थोडं प्रथिन अडकतं. भिंत शाबूत असेपर्यंत जिवाणूंना ते मिळत नाही. तेवढाच नायट्रोजन मोजायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात गाळ चाळणीवर धुवायचा, सुकवायचा, मग मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एका जातीची कवचं एकेक वेचायची. एका मोजणीला शेकडो लागतात. जोराचा श्वास सोडलात तर अर्धा तास ट्रेमधून उडून जातो. आमच्याकडे पंखा लावायला बंदी होती, मे महिन्यातसुद्धा. मग कवचं फोडून बाहेरून चिकटलेलं सगळं रसायनाने जाळून टाकायचं, आतला नायट्रोजन सोडवून त्याचं नायट्रेट करायचं, आणि ते नायट्रेट कुणाला द्यायचं? डीनायट्रिफिकेशन करणाऱ्या जिवाणूंनाच! प्रयोगशाळेत त्यांचा असा एक प्रकार वापरतात की जो अर्ध्यावर, नायट्रस ऑक्साइडपर्यंतच येऊन थांबतो. तो वायू यंत्रात जातो. एसटीपीवाल्यांना हे आवडेल.

साध्या गाळाची मोजणी त्या मानाने सरळ. फ्रीझ ड्रायरमधून काढलेला गाळ अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, खलात पिठासारखा वाटायचा (माझं इथलं नाव त्यावरून), टिनच्या इवल्या कॅप्सूलमध्ये दहावीस मिलिग्रॅम भरायचा, चिमट्याने दुमडून गोळी करायची. कॅप्सूलला भोक पडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

अ‍ॅनामॉक्सबद्दल: नाही, डेल्टा एकटा फरक करू शकत नाही. अ‍ॅनामॉक्सही हलका नायट्रोजन आधी उचलतो. पण त्या जिवाणूंच्या पेशीत शिडीसारख्या रचनेचे खास मेदपदार्थ असतात, लॅडरेन नावाचे. ते गाळात टिकतात. ईशान्य अरबी समुद्राच्या कोअरमधून त्यांचा सुमारे १ लाख ४० हजार वर्षांचा आलेख काढलेला आहे, म्हणजे अ‍ॅनामॉक्स तिथे नवा पाहुणा नाही. आज अरबी समुद्रात दोघांपैकी कोण मोठा, यावर बराच वाद झाला. २००९ च्या 'नेचर'मधल्या मोजमापांत डीनायट्रिफिकेशनचं पारडं जड निघालं.

दगडू_जिओ

ताई, दंडवत. आता एकच अडतंय. हिमयुगात ऑक्सिजन जास्त का होता? थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून, एवढंच ना? आणि मान्सूनचा संबंध कुठे येतो?

अगेटचा_खल

थंडी हा एक भाग झाला, पण तेवढ्याने भागत नाही. खरी गंमत इथे आहे.

तुझ्या आलेखात ३०-६० हजार वर्षांचा तुकडा असेल तर तो मोठा करून बघ. करवतीसारखे दाते दिसतील. ग्रीनलंडच्या बर्फात त्या काळातले तापमानाचे अचानक चढउतार नोंदले गेलेत. ग्रीनलंड थंड की अरबी समुद्राचा डेल्टा खाली. ग्रीनलंड उबदार की डेल्टा वर. कराचीच्या समोरच्या गाळात तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. उबदार काळातला गाळ पातळ पट्ट्यापट्ट्यांचा आहे, कारण तळाशी ऑक्सिजन नव्हता आणि पट्ट्या उकरायला किडेच नव्हते. थंड काळातला गाळ फिकट आणि एकजीव, किड्यांनी घुसळलेला. पट्ट्या आणि ग्रीनलंड यांचा मेळ १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. मी असा कोअर उभा चिरलेला पाहिलाय: ऑलिव्ह हिरवा, गडद-फिकट रेघांचा, आणि वास कुजक्या अंड्यांचा.

उत्तर अटलांटिकची थंडी आपल्या समुद्रात कशी पोचली? इथे दोन बाजू आहेत. पहिली म्हणते, उत्तर गोलार्ध गारठला की नैऋत्य मान्सून मंदावतो, खालचं पाणी कमी वर येतं, प्लवक कमी, खाली पडणारं अन्न कमी, ते कुजवायला ऑक्सिजनही कमी लागतो. दुसरी म्हणते, खर्चापेक्षा जमेकडे बघा: दक्षिणेकडच्या महासागरातून मधल्या खोलीवर येणारं ताजं, ऑक्सिजनवालं पाणी थंड काळात जास्त येत होतं.

मला दुसरी बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारण अलीकडच्या १० हजार वर्षांत आहे. या काळाच्या सुरुवातीला मान्सून जोरात होता आणि नंतर तो हळूहळू उतरत गेला. नुसत्या मान्सूनवर हिशेब असता तर डीनायट्रिफिकेशनही उतरायला हवं होतं. पण अरबी समुद्राच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या कितीतरी कोअरमध्ये डेल्टा उलट चढत आलाय. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा इराणचं आखात कोरडी जमीन होतं. पाणी चढलं, आखात भरलं, त्यातून खारट जड पाणी बाहेर यायला लागलं आणि मधल्या थरातले प्रवाह बदलले. आजही तुला एक विसंगती दिसेल: प्लवकांची सुगी ओमान-सोमालियाकडे, आणि डीनायट्रिफिकेशनचा जोर मात्र आपल्या बाजूला, मध्य आणि ईशान्य भागात. पाणी कुठून येतं आणि वाटेत किती रेंगाळतं, ते धरल्याशिवाय हे सुटत नाही.

कर्लीकाठ

वाचतोय. मालवणजवळचा आहे, घरात मासेमारी.

आमच्याकडे हे पुस्तकात वाचायची गरज नाही. बंदी उठल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात खाली एक पाणी येतं, थंड आणि 'मेलेलं'. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं आणि खालचं कोंडतं. तेव्हा जाळी तळाला लावून काही मिळत नाही. बाबा म्हणतात पूर्वी एवढं नव्हतं. शेतातली खतं, शहरांचं सांडपाणी यामुळे वाढलंय का, हे गाळातून कळेल का? एवढं सांगा, २० हजार वर्षांचं राहू दे.

अगेटचा_खल

कर्लीकाठ, तुम्ही सांगता ते पाणी शास्त्रज्ञांनीही मोजलंय. गोव्यातल्या दोना पावलाच्या एनआयओमधले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात पावसाळ्याच्या शेवटी ऑक्सिजन संपतो, कुठे कुठे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि नायट्रस ऑक्साइड प्रचंड निघतो. तीव्रता वाढत असावी आणि त्यात जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनचा हात असावा, असं त्यांचं म्हणणं. गोव्याच्या कांदोळीसमोर तेव्हापासून नियमित मोजण्या झाल्या आहेत.

पण गाळाला विचारायचं म्हटलं तर नेमकी तुमचीच जागा अवघड. उथळ पाण्यात बरंचसं डीनायट्रिफिकेशन गाळाच्या आतच होतं. आत शिरलेलं नायट्रेट तिथेच पूर्ण संपतं. सगळं खाल्लं तर निवड कुठली? मागे जड नायट्रेट उरतच नाही. म्हणजे नायट्रोजन जातो, पण खूण जवळजवळ पडत नाही. वर तुमचे ट्रॉलर तळ खरवडतात, किडे उकरतात, आणि शंभर वर्षांचा थर एकमेकांत मिसळतो. खताचा नायट्रोजन हवेतूनच बनवलेला, म्हणजे शून्याजवळचा. मैलापाण्याचा त्याहून बराच जड. दोन्ही एकत्र आले की सरासरी कुठेही पडू शकते. तुमच्या बाबांच्या शंकेचं उत्तर गाळापेक्षा कांदोळीसारख्या नोंदींतून मिळायची शक्यता जास्त.

शंकासुर

म्हणजे एकूण 'उबदार काळ = ऑक्सिजन कमी' असं म्हणायचं का? मग पुढे काय होणार ते उघडच आहे.

अगेटचा_खल

इतकं उघड नाही. हिमयुगांच्या चक्रात तसं दिसतं खरं. पण २०२२ मध्ये कवचांतल्या नायट्रोजनवरून खूप मागे जाऊन पाहिलं, तर सुमारे ५ कोटी आणि दीड कोटी वर्षांपूर्वीच्या चांगल्याच उष्ण काळात डेल्टा कमी निघाला, म्हणजे ऑक्सिजन नसलेले हे थर आकसलेले. ते समुद्र लाखो वर्षं उष्ण राहून स्थिरावलेले होते. आपण शतकाच्या घाईत आहोत, आणि १९६० पासूनच्या ५० वर्षांत महासागरांचा २ टक्क्यांवर ऑक्सिजन गेलाय. दोन्ही खरं आहे. कुणी यातलं एकच उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तर मला टॅग करू नका.

दगडू, सेमिनारसाठी एक काम कर. तुझ्या आलेखाशेजारी अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या नायट्रस ऑक्साइडचा आलेख लाव. हिमयुगात सुमारे २०० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत २००), कारखाने यायच्या आधी २७० च्या आसपास. जमिनीवरच्या मातीचाही त्यात मोठा वाटा आहे, तो विसरू नकोस; पण अशा थरांच्या कडांवर हा वायू भरपूर बनतो, त्यामुळे दोन्ही रेषा बरोबर चढताना दिसणं नुसता योगायोग नाही.

दगडू_जिओ

लावतो. मॅडम 'वय कसं काढलं' विचारतील, तर 'कार्बन-१४' एवढं पुरेल का?

अगेटचा_खल

नाही पुरणार. समुद्राचं पाणी स्वतःच 'जुनं' असतं, त्यामुळे तिथल्या कवचांचं कार्बन-१४ वय मुळातच काही शतकं जास्त येतं. खालून पाणी वर येणाऱ्या जागी आणखी जास्त. ते वजा केलंय का आणि किती, हे पेपरच्या 'वय' भागात लिहिलेलं असतं. आधी ते शोध. आणि साधारण ५० हजार वर्षांच्या पलीकडे कार्बन-१४ चालत नाही, तिथे फोरामिनिफेराच्या ऑक्सिजन आयसोटोपवरून वय बसवतात. ग्रीनलंडशी जुळवून वय लावलं असेल तर तेही बघून ठेव, कारण मग 'ग्रीनलंडशी जुळतं' हा निष्कर्ष म्हणून सांगता येणार नाही. मॅडम तिथेच पकडतील.